मुखपट्टी आणि मुके जीव

घरातील एखादा खण किंवा जुन्या दप्तराचा कप्पा उघडून पाहा. कोविडच्या साथीतला एखादा निळा मास्क अजूनही त्यात सापडेल. तो न वापरलेला असेल तर हातात घ्या आणि त्याचे वजन किती असेल याचा अंदाज करा. एक मास्क फक्त तीन ते चार ग्रॅमचा असतो, म्हणजे एखाद्या वहीच्या पानाएवढा!

या तीन-चार ग्रॅमच्या वस्तूने २०२० आणि २०२१ या दोन कठीण वर्षांत माणसाचे मोठे रक्षण केले, याविषयी शंका नको. पण काम संपल्यावर हीच वस्तू रस्त्यावर, ओढ्यात, समुद्रकाठी भिरकावली गेली आणि मग तिची गाठ पडली पक्ष्यांशी, माशांशी आणि खेकड्यांशी. मास्क कसा वापरावा हे आपल्याला पुष्कळांनी शिकवले. या मुक्या जीवांना मात्र तो काय आहे हे सांगणारे कोणी नव्हते.

गंमत अशी, की मास्कच्या ज्या गुणांमुळे आपले रक्षण झाले, नेमके तेच गुण उघड्यावर पडल्यावर घातक ठरतात. हे कसे, ते आपण पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने पाहू.

मास्कची चिरफाड

प्रथम मास्कची रचना पाहू. कात्रीने त्याची एक कड कापली की तीन थर सुटे होतात. बाहेरचा रंगीत थर आणि आतला पांढरा थर जरा राकट असतात, तर मधला थर मऊ आणि दाट असतो. तिन्ही थर कापडासारखे दिसतात, पण त्यांत कापसाचा एकही धागा नसतो. ते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. बादल्या, दोर आणि धान्याची विणलेली पोती ज्यापासून करतात, तेच हे प्लॅस्टिक.

खरी करामत मधल्या थरात आहे. जत्रेत साखरेचे ‘म्हातारीचे केस’ कसे करतात, ते तुम्ही पाहिले असेल. वितळलेली साखर बारीक छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि तिचे तंतू बनतात. मधल्या थरासाठी वितळलेले प्लॅस्टिक असेच बारीक छिद्रांतून सोडतात आणि गरम हवेच्या जोरदार झोताने ओढून त्याचे तंतू काढतात. हे तंतू बहुधा एक ते पाच मायक्रॉन जाडीचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या तंतूंच्या बारीकपणाची कल्पना येईल.

शिवाय या थराला विद्युत्भार दिलेला असतो. कंगव्याने कोरडे केस विंचरून त्याच कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग तुम्ही केला असेलच. तेच तत्त्व येथे आहे. तंतूंच्या जाळीतून निसटू पाहणारे सूक्ष्म कण विद्युत् आकर्षणाने तंतूंना चिकटतात. साबणाने मास्क धुतला की हा भार पुष्कळसा नाहीसा होतो, म्हणून असा मास्क धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. म्हणजे तो एकदा वापरून फेकण्यासाठीच जन्माला आलेला असतो.

उरल्या दोन गोष्टी. नाकावर बसणारी पट्टी ही बहुधा प्लॅस्टिकने मढवलेली तार असते. ती लोखंडाची आहे का, हे लोहचुंबक लावून लगेच कळेल. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कानात अडकवायचे ताणले जाणारे बंद. आपली पुढची गोष्ट याच बंदांपासून सुरू होते.

पहिले बळी

१० एप्रिल २०२० रोजी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, चिलिवॅक या गावी एक अमेरिकन रॉबिन पक्षी मास्कमध्ये गुरफटून मेलेला आढळला. साथ जाहीर होऊन तेव्हा महिनाच झाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, चेम्सफर्ड शहरात एक कुरव पक्षी धड चालता येत नाही अशा अवस्थेत दिसला. मास्कचे बंद त्याच्या दोन्ही पायांना आवळून बसले होते आणि पायांचे सांधे सुजले होते. प्राणिरक्षक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बंद कापले, उपचार केले आणि तो वाचला.

ऑगस्टमध्ये हॉलंडमधील लायडन शहरात स्वयंसेवक कालव्यांतील कचरा काढत होते. त्यांना रबरी हातमोज्याच्या अंगठ्यात अडकलेला पर्च जातीचा एक मासा सापडला. मोज्यात शिरणे सोपे होते, पण पाठीवरच्या काटेरी परामुळे त्याला बहुधा मागे येता आले नाही. या घटनेवरून ऑके-फ्लोरियन हिम्स्ट्रा आणि लिझेलॉट राम्बोनेट या दोन जीवशास्त्रज्ञांनी जगभरातून अशा नोंदी गोळा केल्या आणि २०२१ मध्ये त्या एका शोधनिबंधात प्रसिद्ध केल्या. त्या निबंधात पक्षी आहेत, मासे आहेत, खेकडेही आहेत.

फास आवळतो कसा?

आता तुम्ही म्हणाल, “एवढ्याशा रबरी दोरीने पाय सुजतो कसा?” यासाठी एक छोटा प्रयोग करा. एक सैलसर रबरबँड घ्या. तो करंगळीत अडकवा, हाताच्या पाठीवरून नेऊन अंगठ्यात अडकवा. आता दुसऱ्या हाताची, दातांची किंवा टेबलाच्या कडेची मदत न घेता तो काढून पाहा. पुष्कळ बोटे हलवाल, हात झटकाल, पण तो लवकर निघणार नाही. (एक मिनिटाहून जास्त वेळ मात्र रबर हातावर ठेवू नका.) पक्ष्याला तर दुसरा हातच नसतो!

धडपड करताना पक्षी पाय ताणतो, तेव्हा बंदही ताणला जातो. ताण सुटला की बंद आखडतो आणि पायावर पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बसतो, शिवाय त्याला पीळही पडतो. जनावर जितके झगडेल तितका गुंता वाढत जातो.

आता थोडे गणित करू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. समजा, पिळलेला बंद १ मिलिमीटर रुंद आहे आणि पायाच्या १० मिलिमीटर लांबीवर तो १०० ग्रॅम वजनाएवढ्या, म्हणजे सुमारे १ न्यूटन बलाने दाबतो आहे. क्षेत्रफळ झाले १० चौरस मिलिमीटर, म्हणजे एक चौरस मीटरचा एक लक्षांश भाग. म्हणून दाब आला सुमारे १ लाख पास्कल. हा जवळजवळ वातावरणाच्या दाबाएवढा, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाएवढा झाला. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाचा अर्थ कळेल.

प्रत्यक्षात याच्या दहावा हिस्सा दाबही पुरतो. कारण हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या नीलांमधील दाब फारच कमी असतो. त्या आधी चेपल्या जातात. पायाकडे रक्त आणणाऱ्या रोहिण्यांत दाब जास्त असल्यामुळे त्या वाहत राहतात. रक्त येत राहते, पण परत जात नाही, म्हणून पाय सुजतो. सुजल्यामुळे बंद आणखी रुततो आणि रुतल्यामुळे सूज आणखी वाढते. शेवटी रोहिण्याही बंद पडतात आणि पुढचा भाग निकामी होतो. वाढत्या वयाच्या पिलाच्या बाबतीत तर हे सुजेवाचूनही घडू शकते. पाय वाढत जातो, पण त्याच्याभोवतीचे कडे वाढत नाही.

आपल्याकडे संक्रांतीनंतर झाडांवर, तारांवर लोंबणाऱ्या नायलॉनच्या मांज्यात अडकलेले कावळे-कबुतरे तुम्ही पाहिली असतील. मांजा कापतो आणि मास्कचा बंद आवळतो, एवढाच काय तो फरक.

पाण्यावरचा प्रवास

रस्त्यावर पडलेला मास्क तेथेच राहिला असता, तर तो एखाद्या झाडणाऱ्याच्या हाती लागला असता. पण तो हलका असतो. वाऱ्याने उडतो, पहिल्या पावसात गटारात जातो, गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीबरोबर समुद्रात.

पॉलिप्रॉपिलीनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम आहे. नदीच्या पाण्याची १, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हा पदार्थ दोन्हींवर तरंगणारच. शिवाय तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते आणि बाहेरचा थर पाणी शोषत नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाकलात, तर अळूच्या पानावरच्या थेंबासारखा तो गोल बसलेला दिसेल. शिंतोड्यांपासून आपले रक्षण करणारा हा गुण मास्कला दूरच्या सफरीलाही पाठवतो.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस हाँगकाँगजवळच्या सोको बेटांवर, जेथे वस्ती जवळजवळ नाही, तेथे समुद्रकिनाऱ्याच्या केवळ १०० मीटर पट्ट्यात सुमारे ७० मास्क सापडले. आठवड्याने त्याच जागी आणखी ३० येऊन पडले होते. तेथील शहरात लोक सरसकट मास्क वापरू लागल्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात, जुकेई किनाऱ्यावर मॅगेलॅनिक जातीचा एक पेंग्विन मेलेला आढळला. हे पेंग्विन हिवाळ्यात दक्षिणेच्या थंड प्रदेशातून अन्नाच्या शोधात ब्राझीलकडे पोहत येतात. या पेंग्विनचे शरीर पार खंगलेले होते. शवविच्छेदन केले, तेव्हा पोटात घडी झालेला एक अख्खा मास्क निघाला. किनाऱ्यावर नुकतीच सुट्टीची गर्दी होऊन गेली होती. पोटात अशी वस्तू गेली म्हणजे ती पचत नाही आणि बहुधा पुढेही सरकत नाही. उकिरड्यावरच्या पिशव्या खाणाऱ्या आपल्याकडच्या गाईगुरांचे हेच होते. पोट भरलेले असते, पण अंगी काही लागत नाही.

काही काळाने तरंगणाऱ्या मास्कवर शेवाळ आणि बारीक जीव वस्ती करतात. त्यांच्या भाराने तो हळूहळू बुडतो. म्हणजे आधी पृष्ठभागावरच्या प्राण्यांना आणि मग तळाशी राहणाऱ्यांना त्याचा उपद्रव होतो.

वारकऱ्याच्या घरट्यातील इतिहास

हिवाळ्यात आपल्याकडील तलावांवर आणि धरणांच्या पाण्यावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी दिसतो. त्याला वारकरी किंवा चांदवा म्हणतात. याच जातीचे वारकरी हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहराच्या कालव्यांत घरटी करतात.

एरवी वारकऱ्याचे घरटे पाणवनस्पतींचे असते. वर्षभरात ते कुजून जाते आणि पुढच्या हंगामात पक्षी नवे बांधतो. शहराच्या मध्यभागी वनस्पती कमी आणि कचरा फार, म्हणून पक्ष्यांनी प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. प्लॅस्टिक कुजत नाही, त्यामुळे जुन्या घरट्यावर नवे चढत गेले. वर उल्लेख केलेल्या हिम्स्ट्रा यांनी अशी घरटी थराथराने उलगडली आणि वेष्टनांवर छापलेल्या तारखांवरून थरांचे वय ठरवले. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांच्या थरांतील जीवाश्मांवरून काळ ओळखतात, अगदी तसेच! २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील एका घरट्याच्या तळाशी १९९४ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेची जाहिरात असलेले चॉकलेटचे वेष्टन होते, तर वरच्या थरांत कोविडकाळातील मास्क होते.

माणसाने टाकले आणि पक्ष्याने जपून ठेवले! घरटे पक्के झाले हे खरे, पण ज्या घरट्यात पिले वावरतात तेथे ताणले जाणारे फास लोंबत असणे किती धोक्याचे, हे आता तुम्हांला वेगळे सांगायला नको.

उन्हात काय होते?

“प्लॅस्टिक उन्हात विरून जाते ना?” असे तुमच्यापैकी कोणी विचारील. ते विरत नाही, त्याचे तुकडे होतात. पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांबच लांब साखळी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांची ऊर्जा आणि हवेतील ऑक्सिजन मिळून ही साखळी ठिकठिकाणी तोडतात. पदार्थ ठिसूळ होतो आणि लाटांच्या, वाळूच्या घर्षणाने त्याचे तंतू सुटू लागतात. मुळात तंतूच इतके बारीक, की हे काम सोपे होते. गाळण्यासाठी केलेला बारीकपणा येथे अंगलट येतो.

इटलीतील मिलान येथील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये याचा प्रयोग केला. त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तसले मास्क १८० तास अतिनील किरणांखाली ठेवले आणि मग कृत्रिम समुद्रजलात जोराने ढवळले. एका मास्कमधून दिवसाला १ लाख ७३ हजारांपर्यंत तंतू सुटू शकतात, असे त्यांना आढळले. योगायोग असा, की पॉलिप्रॉपिलीनचे उपयुक्त रूप १९५४ मध्ये ज्यूलिओ नाट्टा यांनी सिद्ध केले, तेही मिलानमध्येच. त्या कामाबद्दल त्यांना १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्याबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मास्क नष्ट व्हायला ४५० वर्षे लागतात, असे आपण पुष्कळदा वाचतो. हा आकडा अनुमानाचा आहे, हे ध्यानात ठेवा. ज्या पदार्थाचा शोध लागून अजून शंभर वर्षेही झाली नाहीत, तो साडेचारशे वर्षे टिकताना कोणी पाहिलेला असणार नाही. मात्र तो पुष्कळ काळ टिकतो, यात वाद नाही.

हिशेब करून पाहू

एकूण किती मास्क समुद्रात गेले असतील? हाँगकाँगच्या एका संस्थेने २०२० सालासाठी असा अंदाज केला: जगात वर्षभरात ५२ अब्ज मास्क तयार झाले आणि त्यांतील ३ टक्के समुद्राला मिळाले असे धरले, तर संख्या येते १ अब्ज ५६ कोटी. एका मास्कचे वजन ३ ते ४ ग्रॅम धरून गुणाकार करा. उत्तर येईल ४,६८० ते ६,२४० टन. रस्त्यांवरही तेच चित्र होते. ११ देशांतील लोकांनी टिपलेल्या कचऱ्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळात कचऱ्यातील मास्कचे प्रमाण ८० पटींहून अधिक वाढलेले आढळले.

आता दुसरा आकडा पाहा. जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या सर्व प्रकारच्या प्लॅस्टिकचा २०१० या वर्षाचा एक अंदाज ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा होता. त्याच्याशी तुलना केली, तर मास्कचा वाटा एक टक्कासुद्धा नाही.

मग मास्कची एवढी काळजी का करायची? कारण येथे प्रश्न केवळ वजनाचा नाही, आकाराचाही आहे. एक टन बादल्या कोणाच्या पायात अडकणार नाहीत, पण एक टन मास्क म्हणजे सुमारे तीन लाख मास्क आणि प्रत्येकाला दोन, म्हणजे सहा लाख फास! विज्ञानात ‘किती?’ या प्रश्नाइतकाच ‘कसल्या आकाराचे?’ हा प्रश्नही महत्त्वाचा असतो.

कात्रीचे दोन घाव

आकारात धोका आहे, म्हणून उपायही आकारातच आहे. मास्क टाकण्यापूर्वी दोन्ही बंद कात्रीने कापा. दोन घावांत फासाची साधी दोरी होते आणि मोठा धोका टळतो. इंग्लंडमधील प्राणिरक्षक संस्थेने २०२० मध्ये लोकांना हेच आवाहन केले. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या त्या वर्षीच्या सूचनाही अशाच होत्या: रुग्ण नसलेल्यांनी आपले मास्क निदान ७२ तास कागदी पिशवीत ठेवावेत आणि कापून मगच सुक्या कचऱ्यात टाकावेत. कापण्याचा मूळ हेतू होता तो मास्क कोणी पुन्हा वापरू नये हा, पण त्यात पाखरांचेही भले झाले.

मात्र कापलेला मास्कही उघड्यावर टाकायचा नाही. बंद कापल्याने फास जातो, प्लॅस्टिक जात नाही. तो कागदात गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीतच टाका. आजारी माणसाचा मास्क वेगळा गुंडाळून त्यावर तशी खूण करा, म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसांना त्रास होणार नाही. मास्क अंगणात जाळू नका, अपुऱ्या ज्वलनाने विषारी धूर होतो. रस्त्यावर दिसलेला मास्क नुसत्या हाताने उचलू नका, चिमट्याने किंवा काठीने उचला. आणि एखादा पक्षी अडकलेला दिसला तर बंद ओढू नका, ओढल्याने तो आणखी रुततो. पक्ष्यावर हलके कापड टाकून मोठ्या माणसांना बोलवा आणि वनखात्याला किंवा पशुवैद्याला कळवा.

महाराष्ट्रात २०२२ च्या गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी मास्कचे काम संपलेले नाही. दवाखान्यात, धुळीच्या कामावर, सर्दी-खोकल्याच्या साथीत तो लागतोच, आणि लागेल तेव्हा तो जरूर वापरा. ज्यांचे जीव वाचले त्यांत आपलेही कोणी असेल.

फक्त एवढे ध्यानात असू द्या, की मास्क चेहऱ्यावरून उतरला म्हणजे त्याचे आपल्यापुरते काम संपते, त्याचे गुणधर्म संपत नाहीत. तो तितकाच हलका, तितकाच चिवट, तितकाच ताणला जाणारा राहतो. घरात ठेवलेल्या त्या जुन्या मास्कचे बंद आजच कापून पाहा. किती वेळ लागला, ते घड्याळात मोजा. दहा सेकंदांहून जास्त लागणार नाहीत.